स्वस्त गाव, महाग जगणे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या चर्चेची सुरुवात ज्या प्रश्नाने झाली, तो प्रश्न मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. लहान गावात राहणे स्वस्त. घरभाडे कमी, दूध-भाजी ताजी, जाण्यायेण्याचा खर्च नाही. सरकार पगारही बरा देते. मग शल्यविशारद आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन का राहत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असते : डॉक्टर मंडळी लोभी झाली. एके काळी मीही हेच म्हणत असे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ‘लोभ’ हा शब्द जपून वापरावा. लोभ मुंबईत असतो तसा गडचिरोलीतही असतो. एका ठिकाणी तज्ज्ञांची गर्दी आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी खुर्ची, हा फरक केवळ लोभाने उलगडत नाही.

या रिकाम्या खुर्च्या किती, ते आधी पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार ३१ मार्च २०२२ रोजी देशाच्या ग्रामीण भागात ५,४८० सामुदायिक आरोग्य केंद्रे होती. आपल्याकडे त्यांना ग्रामीण रुग्णालय म्हणतात. प्रत्येक ठिकाणी शल्यविशारद, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत असा दंडक आहे. म्हणजे एकूण २१,९२० तज्ज्ञ हवेत. प्रत्यक्षात होते ४,४८५. शंभर जागांपैकी जवळजवळ ऐंशी जागांवर माणूसच नव्हता.

आता सरकारी पगारात ठिकाणाचा विचार कसा होतो ते पाहा. महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. हा निर्देशांक ८८ केंद्रांतील किमतींची गोळाबेरीज करून काढला जातो. त्याचा दर मुंबईत जेवढा तेवढाच भामरागडात. ठिकाणाप्रमाणे बदलतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतरही शहरांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग कायम राहिले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला की मोठ्या शहरात मूळ वेतनाच्या ३० टक्के, मध्यम शहरात २० टक्के आणि उरलेल्या सर्व मुलखात १० टक्के घरभाडे, अशी ती रचना आहे. केंद्राच्या बाबतीत ती अवस्था जानेवारी २०२४ मध्ये आली. राज्यांची चौकटही कमीअधिक फरकाने हीच आहे.

एक साधे गणित करू. तज्ज्ञाचे मूळ वेतन ६७,७०० रुपये धरा. मुंबईत त्याला घरभाड्यापोटी २०,३१० रुपये मिळतील, गडचिरोलीत ६,७७०. म्हणजे त्याने मुंबईतच राहावे यासाठी शासन दरमहा १३,५४० रुपये अधिक मोजते! आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, हे खरे. परंतु राज्यातले बहुसंख्य तालुके या यादीबाहेरचे आहेत.

यावरून मुंबईचा भत्ता कमी करा असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला माझा सक्त विरोध राहील. त्याच टक्केवारीने ज्यांना भत्ता मिळतो त्या परिचारिका आणि सफाई कामगार बदलापूर-विरारहून गर्दीत लोंबकळत येतात. रुग्णालयाजवळ दोन खोल्या घेणे त्यांच्या स्वप्नातही नाही. शहरातील भत्ता शहराला पुरत नाही आणि खेड्याचा भत्ता खेड्याला लागू पडत नाही, असा हा दुहेरी दोष आहे.

खेड्याला तो लागू का पडत नाही? इथे निर्देशांकाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. निर्देशांक मिळणाऱ्या वस्तूची किंमत मोजतो. जी वस्तू मिळतच नाही, तिची किंमत त्यात येत नाही. गावात चांगली शाळा नसेल तर निर्देशांकाच्या दृष्टीने शाळेचा खर्च शून्य. भाड्याने देण्याजोगे घर नसेल तर घरभाडेही स्वस्त! प्रत्यक्षात मात्र त्या तज्ज्ञाच्या दोन चुली पेटतात : एक कामाच्या गावी आणि दुसरी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि पत्नीच्या नोकरीसाठी, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूर-पुण्याला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी भूलतज्ज्ञ आहे. तिने तालुक्याच्या गावी चार वर्षे काम केले. ती मला म्हणाली, “सर, पगार पुरत होता. रात्री दोन वाजता सल्ला विचारायला दुसरं माणूस नव्हतं, ते पुरेना.” या एकटेपणाची नोंद कोणत्या भत्त्यात होते?

आणि साथींनो, ही न मोजलेली महागाई फक्त डॉक्टरच्या वाट्याला येत नाही. ज्या गावात तज्ज्ञ नाही तिथल्या बाळंतिणीला रात्री जीप करून जिल्ह्याला न्यावे लागते. नवऱ्याची मजुरी बुडते, नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात आठवडा काढतात, खाजगी शस्त्रक्रियेसाठी सावकाराचे दार गाठावे लागते. डॉक्टर निदान बदली मागू शकतो. ती बाई कुठे बदली मागणार? ज्या गावाला आपण स्वस्त म्हणतो, तिथे आजारी पडणे सर्वांत महाग असते.

यावर आजवर दोन उपाय झाले. पहिला सक्तीचा. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्याने बंधपत्रानुसार सेवा द्यावी, नाहीतर दंड भरावा. महाराष्ट्रात पदवीसाठी १० लाख आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ५० लाख रुपये असा तो दंड ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बंधपत्राची पद्धत वैध ठरवली. जनतेच्या पैशाने शिकलेल्याने जनतेची सेवा करावी, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या लेखी दंड ही सुटकेची किंमत होते. आणि जो जातो तोही वर्षाचे दिवस मोजतो. रुग्णाला दरवर्षी नवा डॉक्टर भेटतो.

दुसरा उपाय बाजाराचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तज्ज्ञाने आपली किंमत सांगावी आणि सरकारने ती द्यावी, अशी पद्धत आली. यातून काही ठिकाणी माणसे मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तज्ज्ञ हा एकेकटा विकत घेण्याचा माल नव्हे. सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे, अनुभवी परिचारिका हवी. बोली लावून शल्यविशारद आणला आणि भूल देणारा नसला, तर तो महागडा शल्यविशारद रुग्ण जिल्ह्याला पाठवण्याच्या चिठ्ठ्या लिहीत बसतो. शेजारच्या टेबलावर कायम सेवेतला डॉक्टर त्याहून कितीतरी कमी पगारावर तेच काम करीत असेल, तर त्याच्या मनाचे काय होत असेल, तेही ओळखावे.

तिसरा मार्ग इतिहासाने दाखवला आहे. १९४८ पूर्वी इंग्लंडमधील तज्ज्ञ धर्मादाय रुग्णालयांत बहुधा मानद काम करीत आणि पोट खाजगी रुग्णांवर भरीत. मुंबईतील ऑनररी पद्धत आठवा. साहजिकच जिथे श्रीमंत रुग्ण तिथे तज्ज्ञ, म्हणजे लंडन आणि मोठी शहरे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तज्ज्ञाला देशभर एकच वेतनश्रेणी मिळाली आणि लहान शहरांच्या रुग्णालयांत तज्ज्ञ स्थिरावू लागले. अन्युरिन बेव्हन यांना त्यासाठी तज्ज्ञांना सेवेच्या रुग्णालयांतच खाजगी खाटांची सवलत द्यावी लागली. तडजोड कडू होती. आपल्याकडे भोर समितीने १९४६ सालीच पूर्णवेळ पगारी डॉक्टर आणि खाजगी व्यवसायास बंदी, अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

परंतु इंग्लंडचा धडा इथे संपत नाही. २०२४-२५ मध्ये तिथे तज्ज्ञाचे सुरुवातीचे वार्षिक वेतन १,०५,५०४ पौंड होते आणि लंडनच्या महागाईसाठी मिळणारी भर फक्त २,१६२ पौंड. म्हणजे पगाराची खरी किंमत लंडनबाहेर अधिक. तरीही दूरच्या किनाऱ्यावरील रुग्णालयांत जागा रिकाम्या राहतात. समान वेतन हा पाया आहे, पण स्वस्ताई माणसाला ओढून आणीत नाही. आणतात ते सहकारी, शाळा, जोडीदाराचे काम आणि पुढे शिकण्याची वाट.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. ठिकाणाचा भत्ता घरभाड्यापासून वेगळा करा. गाव किती दूर, शाळा-रस्ता-घर यांची काय स्थिती, यावर तो ठरवा आणि तो डॉक्टरइतकाच परिचारिकेला आणि तंत्रज्ञालाही द्या. नेमणूक एकट्याची नको, पथकाची करा. रुग्णालयाच्या आवारात राहण्याजोगी घरे बांधा. ठराविक वर्षे दुर्गम भागात काढली की पसंतीच्या जागी बदली हा हक्क ठरू द्या, वशिला नको. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तामिळनाडूच्या खटल्यात मान्य केला आहे. तो नेटाने वापरा. आणि गावातली शाळा व एस.टी. सुधारली तर तिचा लाभ डॉक्टरच्या एका मुलाला आणि शेतमजुरांच्या शंभर मुलांना होईल.

शेवटी एक काम सांगतो. आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. मंजूर पदे किती, भरलेली किती, राहण्याजोगी घरे किती आणि गेल्या वर्षी किती सिझेरियन तिथेच झाली, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. ही चार उत्तरे हाती असली की ‘डॉक्टर लोभी आहेत’ एवढ्यावर आपली सभा संपणार नाही. तिथूनच ती सुरू होईल.