उडुपी, कापूचा दीपस्तंभ आणि एक जुनी थकबाकी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला प्रवासावर पाच मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. बँकेत होतो, वेळ पाळतो.

आपल्या जालन्यात उडुपी म्हणजे हॉटेलची पाटी. ते कर्नाटकातलं समुद्राजवळचं गाव, हे मला फार उशिरा कळलं. २०१८ च्या डिसेंबरात तिथे जायचं आमच्या मंडळींनी परस्पर ठरवलं. सोबत कोण, तर वरच्या मजल्यावरचे गुरुजी आणि वहिनी. इथेच गोम होती.

२०१३ चा उन्हाळा सगळ्यांना आठवतो. घाणेवाडी कोरडी, टँकरवर दिवस. मी खजिनदार. गुरुजी दोन महिने गावी होते, म्हणून टँकरचा वाटा देईनात. मी नोटीस बोर्डावर त्यांचं नाव लावलं : थकबाकी ११५० रुपये. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. जिन्यात समोर आले तरी मान खाली.

देवगिरीनं ठाणे, तिथून मत्स्यगंधा. वहिनी आणि आमची ही रात्रभर गप्पा मारतायत, आम्ही दोघं दोन खिडक्यांना.

उडुपीत कृष्णाचं दर्शन घेतलं, तेही नऊ झरोक्यांच्या खिडकीतून. दुपारी एका खाणावळीत केळीच्या पानावर जेवण. कांदा नाही, लसूण नाही. सांबार आपल्या हॉटेलातलं नव्हे. खोबरं वाटून घातलेलं, किंचित गोडसर. त्यात हिरवट गोल वांग्याच्या फोडी. वाढप्यानं सांगितलं, हे मट्टू गुळ्ळ, जवळच्याच मट्टू गावचं. त्याला २०११ साली जीआय मानांकन मिळालंय. गुरुजींनी दुसऱ्यांदा भात घेतला नि पानाकडेच बघत म्हणाले, "मॅनेजर साहेब, आपल्याकडं याचं भरीत केलं असतं." पाच वर्षांतलं पहिलं वाक्य!

संध्याकाळी कापूला गेलो, बारा-तेरा किलोमीटर दक्षिणेला. किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर १९०१ सालचा दीपस्तंभ आहे. संध्याकाळी थोडा वेळ लोकांना वर सोडतात. माझा गुडघा तेव्हाही दुखायचा. खडकात कोरलेल्या पायऱ्यांवर मी थांबलो, तर गुरुजींनी मागं वळून हात पुढं केला. वर काय वारा! एका बाजूला समुद्र, दुसरीकडे नुसत्या नारळी. मला त्यांना काही सांगायचं होतं, पण वाऱ्यात बोलणं ऐकू येईना, नि खाली उतरल्यावर बायका गोळीबजे आणि कॉफी घेऊन उभ्या. राहूनच गेलं.

ते आज सांगतो. वाटा मागणं नियमात होतं. पण गुरुजी, तुमचं नाव बोर्डावर लावायला नको होतं. चुकलं माझं.

११५० मात्र खात्याला अजून येणे दिसतात. दुसऱ्या रांगेत गुरुजी मान हलवतायत, म्हणजे यंदाही भरणार नाहीत.