संधिवात : पावले आणि पाठबळ



गुडघा दुखू लागला की ज्येष्ठ मंडळी प्रथम जिना टाळतात, मग सकाळचा फेरफटका आणि शेवटी चारचौघांतले जाणे-येणे. 'वापरला तर आणखी झिजेल' ही त्यामागची भीती असते. वस्तुतः सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. विश्रांती लांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखऱ्या सांध्याचा आधारच जातो.

मात्र नुसते 'चाला' म्हटल्याने कोणी चालत नाही. कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना हालचाल नोंदवणारा मनगटी पट्टा दिला. त्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्ट दूरध्वनीवरून मार्गदर्शन करीत राहिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या १२ आठवड्यांच्या उपक्रमात रुग्णांची हालचाल वाढल्याचे दिसून आले.

दहा हजार पावलांचा धाकही नको. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावावरून रूढ झाला. अशा रुग्णांविषयीच्या २०१४च्या अमेरिकी अभ्यासात, दररोज सुमारे ६,००० पावले चालणाऱ्यांना पुढे हालचालीची अडचण कमी भासल्याचे आढळले. प्रारंभ त्याहूनही थोड्या पावलांनी करता येतो. सांधा लाल होऊन सुजला असेल, तर मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

यंत्र पावले मोजते, उमेद देत नाही. 'आज किती चाललात?' असे रोज आपुलकीने विचारणारे माणूस प्रत्येक घरात असावे.