तारापूर कुठे आणि आपण कुठे?

(वर्धा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरात अणुवीज केंद्रांवर बोलायचे ठरले, तेव्हा देवळी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढून पाहिला. एक मावशी म्हणाल्या, "ताई, तारापूर कुठी अन् आपण कुठी? आमच्या गावात लाईन राहते का, ते पाहा ना आधी." त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळा कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कितीतरी कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतल्या बाया लेकरे उचलून अंधारात बाहेर पडल्या. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. मेलेल्यांत रोजीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूरही होते. धोक्याची वस्तू जुनी होते तेव्हा ती हाताळायला कोणाला पाठवतात, आणि भिंतीच्या आत काय आहे हे भिंतीबाहेरच्यांना कधी कळते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. तारापूरचा प्रश्न हाच आहे, फक्त तिथला धोका डोळ्यांना दिसत नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. १९६९ च्या ऑक्टोबरात त्या वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट होती. पुढे वाफेच्या यंत्रणेतल्या नळ्या गळू लागल्या आणि ऐंशीच्या दशकात ती १६० वर आणावी लागली. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडला. मग ते फ्रान्सकडून, चीनकडून, रशियाकडून आले. २००५-०६ मध्ये सुधारणा करून भट्ट्या पुन्हा चालवल्या. २०२० मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या. त्यांतले पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलायचे होते.

भट्टी म्हातारी होते म्हणजे काय होते? वर्षानुवर्षे किरणांचा मारा बसून पोलाद ठिसूळ होत जाते. पाइपांच्या जोडांना बारीक चिरा जातात. पाइप बदलता येतात, पण इंधन ज्यात असते ते मुख्य पोलादी पात्र बदलणे जवळपास अशक्य असते. शिवाय ही चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात आणि त्यांवर सतत पाणी फिरवावे लागते. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज आणि पंप गेले, पाणी थांबले आणि आतले इंधन वितळले. तिथली पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकचीच, त्याच जातीची आणि तारापूरपेक्षा दोन वर्षांनी तरुण होती.

उद्या तारापूरला असेच होईल, असे मी म्हणत नाही. दोन्ही किनारे सारखे नाहीत, आणि फुकुशिमानंतर आपल्याकडेही तपासण्या झाल्या. पण आजूबाजूची परिस्थिती १९६९ ची राहिलेली नाही. आणीबाणीच्या नियोजनासाठी भट्टीभोवतीचे १६ किलोमीटर धरतात. त्यात आता बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या खोल्या आहेत, मच्छीमारांची गावे आहेत. त्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि माणसे रात्री अंगणात झोपू लागली. त्या खोल्यांमधली बाळंतीण कोणत्या गाडीने, कोणत्या रस्त्याने बाहेर पडेल? हे तिला कोणी सांगितले आहे का?

दुसरी गोष्ट पैशाची. भट्टी बंद करून सुरक्षितपणे मोडीत काढणे हे काही दशकांचे काम असते. त्यासाठी विजेच्या युनिटमागे दोन पैसे बाजूला काढायचे ठरले. २०१२ मध्ये महालेखापालांनी संसदेपुढे अहवाल ठेवला. तीस वर्षे चाललेल्या आणि बंद पडलेल्या केंद्रांसह देशातल्या एकाही अणुवीज केंद्राची मोडीत काढण्याची योजना तयार नाही, असे त्यांनी नोंदवले. राजस्थानातल्या रावतभाट्याची पहिली भट्टी तर २००४ पासून बंद आहे.

या रावतभाट्याचा आपल्याशी एक धागा आहे. सेवाग्रामात लहानाचे मोठे झालेले नारायण देसाई यांची मुलगी संघमित्रा गाडेकर, व्यवसायाने डॉक्टर. १९९१ मध्ये त्या आणि त्यांचे पती सुरेंद्र यांनी कार्यकर्त्यांसह रावतभाट्याजवळच्या आणि दूरच्या गावांत घरोघर जाऊन पाहणी केली. जन्मजात व्यंगे, मृत जन्म, बाळांचे मृत्यू यांची नोंद केली. केंद्राजवळच्या गावांत त्यांचे प्रमाण जास्त आढळले. अणुऊर्जा खात्याने हे निष्कर्ष मानले नाहीत. निष्कर्षांवर वाद होऊ शकतो. पण गर्भपात किती झाले, बाळ का दगावले, हे बायकांना घरी जाऊन विचारावे, हे सुचले कोणाला, ते लक्षात ठेवा.

आता राजकारण. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा त्याने मोडीत काढले. खाजगी कंपन्यांना दार उघडले. नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला, ही त्यातली चांगली बाजू. २०४७ पर्यंत अणुवीज एक लाख मेगावॅटवर न्यायची आहे. एवढी घाई असताना जुनी भट्टी बंद करण्याची भाषा कोण करील? तिचे आयुष्य वाढवणे सोपे असते. ते कागदावर वाढते, तिच्याजवळ राहणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून या शिबिरातून चार मागण्या पुढे न्याव्यात, असे मी सुचवते. एक, प्रत्येक जुन्या भट्टीचे आयुष्य वाढवण्याआधी तिचा तपासणी अहवाल आणि ती बंद करण्याची योजना मराठीत ग्रामसभेपुढे यावी. दोन, ठेकेदाराच्या मजुराला किती किरणोत्सर्ग लागला याची नोंद त्याच्या हातात मिळावी. कायम कामगाराची नोंद राहते आणि ठेकेदाराचा माणूस गावी निघून जातो, असे होऊ नये. तीन, परिसरात स्वतंत्र आरोग्य पाहणी व्हावी आणि तिच्यात गर्भपात व मृत जन्म मोजले जावेत. चार, आणीबाणीची योजना बायकांबरोबर बसून व्हावी, कारण म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन पळायचे असते ते त्यांनाच.

मावशींना मी शेवटी एवढेच म्हटले, की तुमच्या गावात लाईन यावी यासाठी आपण मोर्चा काढूच. पण ती वीज ज्यांच्या दारात तयार होते, त्या बायकांनाही त्यात बोलू द्या. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुलगावच्या वेळी आमालेबी कोनी नव्हतं इचारलं."

बैठकीच्या वहीत ठराव लिहिला गेला तो त्यानंतर.