गेल्या आणि परत आल्या



२०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी परसात शेवग्याच्या शेंगा काढत होतो. अचानक पाठीमागून असा आवाज सुरू झाला, की शेजारी कुणी पिठाची गिरणी लावली असं वाटावं. वळून बघतो तर माझ्या पेटीच्या दारातून मधमाश्या अक्षरशः ओतल्यासारख्या बाहेर पडत होत्या. बघता बघता सगळं परस माश्यांनी भरून गेलं. मग त्या चिकूच्या फांदीवर बसू लागल्या. आधी मूठभर, मग नारळाएवढ्या. मी फांदीखाली तोंड वर करून उभा. मनात म्हटलं, गेल्या. यंदाही गेल्या.

आणि अर्ध्या तासाने तो घोस विस्कटला, माश्या उठल्या आणि जिथून आल्या त्याच पेटीत परत शिरल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "काही विसरलं असेल त्यांचं."

दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा तेच. बाहेर पडल्या, चिकूवर बसल्या, परत आल्या. माश्या वेड्या झाल्या की मी, तेच कळेना.

या माश्या म्हणजे आपली सातेरी. कड्याकपारीला मोठं पोळं लोंबवणारी आग्यामाशी पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात अनेक पोळी शेजारी शेजारी बांधते, म्हणून ती पेटीतही नांदते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे मी सहज म्हणून गेलो आणि येताना डोक्यात पेटीचं खूळ घेऊन आलो. चिपळूणजवळ आमचं घर. मागे चिकू, काजू, दोन जांभळी, नारळ. माश्यांना खायला कमी नाही.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगायला हवं, कारण दुसऱ्या वर्षीचा घोटाळा त्यातूनच झाला. २०२३ च्या वसंतात मी सहा दिवस लेकीकडे पुण्याला गेलो होतो. परत आल्यावर पेटी उघडली. माश्या थोड्या कमी वाटल्या, पण तशा बऱ्याच होत्या. पोळ्याच्या खालच्या कडेला बोटाच्या पेरासारखी, तोंड खाली केलेली सात घरं लोंबत होती. राणीची घरं. माझ्याकडे एक पुस्तिका होती. त्यात लिहिलं होतं की अशी घरं दिसली की थवा सुटणार असं समजावं आणि ती कापून टाकावीत. मी इमानेइतबारे सातही कापली. हात पुसले. थवा रोखला म्हणून चहाही घेतला.

थवा चार-पाच दिवसांपूर्वीच गेला होता. जुनी राणी त्याच्याबरोबर गेली होती. मागे राहिलेल्या माश्यांची पुढची राणी त्या सात घरांत होती, आणि ती मी चाकूने खाली पाडली. नवी राणी घडवायला अंडी किंवा अगदी कोवळ्या अळ्या लागतात. त्या पेटीत उरल्या नव्हत्या, कारण जाण्याच्या आधी राणी अंडी घालणं जवळजवळ थांबवते. तीन-चार आठवड्यांनी एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी दिसू लागली. मला आनंद झाला! ती कामकरी माश्यांनी घातलेली होती. राणी नसली की काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात, पण त्यातून फक्त नर निपजतात. नर ना मकरंद आणत, ना पोळं बांधत. पावसाळ्याच्या तोंडाशी पेटीत मेणकिड्याची जाळी तेवढी उरली होती.

तर दुसऱ्या वर्षी नवी वसाहत आणली आणि मी ठरवलं, की यंदा थवा जाऊच द्यायचा नाही. पत्र्याची एक पट्टी मिळते. तिला बारीक फटी असतात. कामकरी माशी त्यातून जाते, राणी अंगाने मोठी म्हणून अडते. ती मी जानेवारीतच पेटीच्या दाराला बसवली आणि निश्चिंत झालो.

तिसऱ्या दिवशी थवा पुन्हा बाहेर येऊन परत गेला, तेव्हा मी वाडीतल्या आप्पांना बोलावलं. आप्पांनी उमेदीची वर्षं मधाच्या पेट्यांत घालवलेली. ते आले, वाकून दाराकडे बघितलं. पट्टीच्या आत मेलेल्या नरांचा खच होता. नरही जाडे, त्यांनाही फटीतून जाता येत नाही. आप्पा म्हणाले, "अरे, आईला कोंडलंस आणि पोरं परत का येतात म्हणून विचारतोस?"

कोडं एवढंच होतं. थवा बाहेर पडायचा, फांदीवर जमायचा, आणि राणी आपल्यात नाही हे माश्यांना तिच्या वासाच्या अभावी कळायचं. राणीवाचून नवा संसार नाही. म्हणून परत.

मी विचारलं, "मग बरंच आहे की. राहतील इथेच." आप्पांनी पेटी उघडली. राणीच्या घरांपैकी दोन अगदी पिकली होती. "उद्या-परवा लेक बाहेर येईल," ते म्हणाले. "आई आतच. दोघींतली एक मरणार. आणि लेक जगली तरी तिचं लग्न कसं लावणार तू? या फटीतून?"

नव्या राणीला एकदा तरी बाहेर पडून, आकाशात उंच जाऊन नरांशी मीलन करावं लागतं. मी वरातीच्या दाराला कुलूप घातलं होतं.

आपल्याला वाटतं राणी हुकूम देते आणि प्रजा निघते. तसं काही नाही. निघायचं कामकरी माश्या ठरवतात. त्या आधीपासून राणीच्या अंगाला धरून हलवतात, तिला स्वस्थ बसू देत नाहीत. ती बारीक होते, उडण्याजोगी होते. इतर माश्या पोटभर मध पिऊन घेतात. आणि घर सोडून जाते ती आई. बांधलेली पोळी, साठवलेला मध, सगळं लेकीला ठेवून.

फांदीवर लोंबणाऱ्या घोसात पुढे जे घडतं, ते जर्मनीत मार्टिन लिंडाउर यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. माश्यांच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांचे ते शिष्य. १९४९ साली म्युनिकमध्ये त्यांना एका थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. फुलांची खबर देणारी माशी परागाने माखलेली असते. या मात्र मळलेल्या होत्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल. युद्धात म्युनिकची पडझड झालेली. या माश्या पडक्या भिंती, धुराडी, पोकळ्या हिंडून आल्या होत्या आणि घराची खबर सांगत होत्या. लिंडाउर पुढे उडणाऱ्या थव्याखालून म्युनिकच्या रस्त्यांवरून धावलेसुद्धा, त्या कुठे जातात ते बघायला.

प्रत्येक शोधक माशी आपण पाहिलेल्या जागेची दिशा आणि अंतर नाचून सांगते. जागा चांगली असेल तर जास्त वेळ नाचते. इतर माश्या स्वतः जाऊन बघून येतात. अमेरिकेत टॉमस सीली यांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर याचे प्रयोग केले. एका जागी साधारण वीस-तीस शोधक माश्या एका वेळी दिसू लागल्या, की त्या परत येऊन थव्याला उठवतात. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत त्या थांबत नाहीत. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला याचा हेवा वाटावा. राणी या चर्चेत कुठेही नसते.

त्या संध्याकाळी आप्पांनी पट्टी काढली. मला स्वतःला ते धैर्य झालं नसतं. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास थवा निघाला, चिकूवर बसला, आणि या वेळी अर्धा तास झाला तरी परतला नाही. आप्पांनी वर पाण्याचा हलका शिडकावा केला, खाली टोपली धरली आणि फांदीला एक हिसका दिला. सगळा घोस टोपलीत. शेजारची मुलं लांब पळाली होती, पण थव्यातली सातेरी सहसा चावत नाही. पोटात मध भरलेला, राखायला घर नाही. (आग्यामाशीला हे लागू नाही. तिच्या वाटेला कुणी जाऊ नये.)

संध्याकाळी थवा दुसऱ्या पेटीत ओतला. जुन्या पेटीतली अळ्या असलेली एक चौकट त्यात ठेवली, म्हणजे बाळं सोडून माश्या सहसा जात नाहीत. आणि आप्पांनी तीच पत्र्याची पट्टी या नव्या पेटीच्या दाराला चार दिवसांपुरती लावली. मी बघतच राहिलो. "इथे आई आहे," आप्पा म्हणाले. "तिचं लग्न झालंय. जुन्या पेटीचं दार मात्र सताड उघडं ठेव."

ठेवलं. दोन-अडीच आठवड्यांनी जुन्या पेटीत अंडी दिसली. एका घरात एकच, बरोबर मध्यभागी.

मधल्या काळात एक छोटा थवा आणखी सुटला होता, दुसऱ्या एका लेकीबरोबर. तो आमच्या हाती लागला नाही. महिन्याभराने विजेचं रीडिंग घ्यायला माणूस आला. त्याने मीटरच्या पेटीचं झाकण जरासं उघडलं, लगेच लावलं आणि विचारलं, "काका, मागच्या महिन्याचाच आकडा टाकू का?"