पाच बोटांची कथा

पाची बोटे सारखी नसतात, असे आपण सहज म्हणून जातो. पण अंगठा अंगठ्याच्याच जागी आणि करंगळी करंगळीच्याच जागी का उगवते? आज याचाच थोडा विचार करू.

खुडूक कोंबडीखाली अंडे ठेवले की सुमारे एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. पण तिसऱ्या दिवशीच त्या इवल्या गर्भाच्या दोन्ही बाजूंना चार बारीक फुगवटे दिसू लागतात. दोन पंखांचे, दोन पायांचे. माणसाच्या गर्भात हे अंकुर चौथ्या आठवड्यात फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होतात.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन साँडर्स यांनी १९४८ साली कोंबडीच्या गर्भावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंखाच्या अंकुराच्या टोकावर त्वचेची एक जाडसर कड असते, ती त्यांनी काढून टाकली. लवकर काढली तर नुसता दंडाचा भाग तयार झाला. उशिरा काढली तर फक्त बोटे राहून गेली. म्हणजे ही कड आतल्या पेशींना ‘वाढत राहा’ असा निरोप धाडत असते. हा निरोप म्हणजे काही विशिष्ट प्रथिने, हे पुढे कळले.

१९६८ साली साँडर्स आणि त्यांच्या सहकारी मेरी गॅसलिंग यांनी अंकुराच्या करंगळीकडील बाजूचा तुकडा अंगठ्याकडील बाजूला बसवल्याचे फळ सांगितले. आरशात पाहावे तशी दुहेरी बोटे उमटली! या जागेतून पाझरणारे प्रथिन १९९३ मध्ये सापडले. त्याला ‘सॉनिक हेजहॉग’ हे एका व्हिडिओ खेळातल्या पात्राचे नाव मिळाले. शेकोटीजवळ बसलेल्याला धग जास्त लागते, लांबच्याला कमी. तसेच हे आहे. प्रथिन किती आणि किती वेळ मिळाले, त्यावरून बोट कोणते व्हायचे ते ठरते.

बोटांमधल्या पडद्यातील पेशी मग आपणहून मरतात. कोंबडीच्या पायात असे होते. बदकाच्या पायात तो निरोप अडवला जातो आणि पडदा टिकतो. गुरुजींनी मुलांना हे दोन पाय शेजारी शेजारी अवश्य दाखवावेत.

या प्रथिनाचे जनुक कोठे चालू व्हायचे, हे ठरवणारी एक कळ त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असते. तिच्यातले एखादेच अक्षर बदलले, तरी अंगठ्याशेजारी जादा बोट येऊ शकते. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिसते. तेव्हा बाळाच्या हातापायांत वेगळेपण दिसले, की ‘ग्रहणात विळी हाती घेतली असशील’ म्हणून सुनेला बोल लावायचा, हे बरे नव्हे. ग्रहणाच्या सावलीचा यात काडीचाही संबंध नाही.

मात्र औषधाचा असू शकतो. ‘थॅलिडोमाइड’ हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले गेले. गरोदर स्त्रिया मळमळीवर ते घेत. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत हजारो मुले अपुऱ्या हातापायांनिशी जन्मली होती. घात झाला तो नेमका अंकुर फुटण्याच्या दिवसांत. दिवस गेल्याचे पुष्कळदा बाईला ठाऊकही नसते, तेव्हा.

म्हणून, श्रोतेहो, दिवस गेल्याची नुसती शंका असली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये. आणि चालू असलेले औषधही आपल्या मनाने बंद करू नये. सुनेला ग्रहणात कोंडून ठेवण्यापेक्षा ही काळजी घेणे अधिक मोलाचे.