निवृत्तिवेतन : श्रमाचा हक्क की सत्तेचे बक्षीस?

(अलिबाग येथील कार्यकर्ता-शिबिरातील भाषण)



लोकप्रतिनिधींच्या निवृत्तिवेतनाविषयी गावोगाव आपल्याला जाब विचारला जातो, आणि उत्तर देताना आपण अडखळतो. कारण आपल्याही काही वडीलधाऱ्या साथींच्या घरी ते येते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार संकोच सोडून केला पाहिजे.

खासदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद १९७६ साली झाली. महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांचा निवृत्तिवेतन अधिनियमही १९७६ चाच. तो आणीबाणीचा काळ होता. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. त्याच वर्षी लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा मधु लिमये यांनी तुरुंगातून सदस्यत्वाचा राजीनामा दिला. पुढे त्यांनी खासदारकीचे निवृत्तिवेतन घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही घेतले नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्रातील माजी आमदारांचे निवृत्तिवेतन दरमहा ४०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये झाले. पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षाला २,००० रुपयांची भर निराळीच. हे विधेयक चर्चेविना संमत झाले. याच राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली होती. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका, लिपिक सात दिवस संपावर गेले, तेव्हा तिजोरीवरील बोजाचे पाढे त्यांना ऐकविण्यात आले. २००५ नंतर प्रथमच निवडून आलेल्या आमदाराच्या बाबतीत मात्र हा बोजा कोणाला जाणवला नाही!

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारासाठी १९९५ च्या योजनेखाली २०१४ साली ठरलेली किमान रक्कम आहे दरमहा १,००० रुपये. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड येथे ज्या खलाशाने उभा जन्म दर्यावर काढला, ज्या कोळणीने डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठला, त्यांच्या म्हातारपणाला श्रमाचा हक्क म्हणून काय मिळते? पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की हातातोंडाची गाठ पडणेच कठीण.

परंतु या विषमतेतून ‘सर्वांचेच निवृत्तिवेतन बंद करा’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे भांडवलदारांच्या सुरात सूर मिसळणे होय. निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे. ते श्रमाचे राखून ठेवलेले मोल आहे. त्याचप्रमाणे, प्रतिनिधीला म्हातारपणी आधार नसेल तर विधिमंडळात केवळ धनिकच जातील, या युक्तिवादातही तथ्य आहे. मधु लिमये यांचा त्याग वंदनीय खरा. पण कायदा संन्याशांसाठी करता येत नाही. आपला आक्षेप आधाराला नाही. घेणारा हातच रकमेचा आकडा लिहितो, याला आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रतिनिधींचे वेतन व निवृत्तिवेतन स्वतंत्र आयोगाने ठरवावे आणि वाढ पुढील सभागृहापासून लागू व्हावी. किती वेळा निवडून आला हे न पाहता प्रत्येकाला एकच निवृत्तिवेतन असावे; पंजाबने २०२२ मध्ये तसा कायदा केला आहे. ज्यांना अन्य भरपूर उत्पन्न आहे, त्यांना ते देऊ नये. आणि श्रमिकांच्या किमान निवृत्तिवेतनात वाढ झाल्याखेरीज आमदारांच्या रकमेत एका रुपयाचीही वाढ होऊ नये.

याचा आरंभ मात्र आपल्या घरापासून झाला पाहिजे. आपल्या माजी प्रतिनिधींनी मिळणारी रक्कम जाहीर करावी आणि गरजेपुरती ठेवून उरलेली चळवळीला द्यावी.

येथून जवळच चरी आहे. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे तेथील शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला, उपासमार सोसली. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सभागृह कशासाठी असते, हे त्या संपाने आणि त्या विधेयकाने दाखवून दिले. ते विसरून आपण मते मागावयास गेलो, तर चरीच्या वारसांना आपल्याला दारातूनच परत पाठविण्याचा पूर्ण अधिकार आहे.