पडून राहिलेले ऑइल इंजिन चालू करण्यापूर्वी



आपल्या बीड जिल्ह्यात विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, कुठे कुठे सौर पंपही बसले. पण जुने ऑइल इंजिन अजून पुष्कळांच्या गोठ्यात पोत्याखाली झाकलेले आहे. दिवाळीच्या सुमारास घर ऊसतोडीला गेले की ते पाच-सहा महिने पडून राहते. विहीर आटली तर वर्ष-दोन वर्षेही. मग पावसाने ताण दिला, कापसाने माना टाकल्या आणि वीजही नसली, की आपण पोते ओढतो आणि थेट हँडल मारतो. इथेच चुकते. आधी एक दिवस तपासणीला द्या.

पहिले डिझेल. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढून टाका. त्यात पाणी उतरते, तळाला चिकट गाळ बसतो. टाकी धुवा, फिल्टर बदला, नवे डिझेल गाळून भरा.

दुसरे वंगण. क्रँककेसमधले काळे ऑइल काढा. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजा आणि मिस्त्रीला दाखवा. नवे ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच, मापपट्टीवरच्या खुणेपर्यंत भरा. कमी नको, जास्तही नको.

तिसरे हवेची वाट. एअर क्लीनर आणि सायलेन्सर उघडून पाहा. उंदराने घर केलेले असते, कुंभारमाशीने माती भरलेली असते.

आता डिझेलचा कॉक बंद ठेवून, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. फिरले तर वीस-पंचवीस फेरे द्या. त्याने ऑइल आत पोचते. जाम असेल तर पहार लावून जोर करू नका, आतल्या रिंगा तुटतील. इंजेक्टर काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फ्लायव्हील मागे-पुढे हलवून सोडवा. भोक उघडे ठेवूनच काही फेरे द्या, म्हणजे वर साठलेले ऑइल बाहेर पडेल. मगच इंजेक्टर बसवा. इंजेक्टरचा फवारा कधी हातावर घेऊन पाहू नका. त्याचा जोर इतका असतो, की डिझेल कातडीच्या आत शिरते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशी तक्रार नेहमीची. नळीत हवा धरलेली असते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून डिझेल सलग आले की आवळा.

फ्युएल पंपाची दांडी बोटाने मोकळी सरकते का, तेही पाहा. ती चिकटली तर इंजिन सुसाट सुटते आणि आवरत नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एक सपाट फळी जवळ ठेवा. तसे झालेच तर हवेच्या तोंडावर फळी दाबून धरा. हात लावू नका. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तरी हात सुटतो.

पंपाकडेही पाहा. फूट व्हॉल्व्हचे चामडे सुकून तडकते, मग पाणी टिकत नाही. ते बदला. ग्लँडला नवी दोरी भरा. पंप पाण्याने भरूनच इंजिन चालू करा. इंजिन पाण्याने थंड होणारे असेल तर पाण्याची नळी वाहते का ते लगेच बघा. तापलेल्या इंजिनवर एकदम गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पंप साधारण वीस-बावीस फुटांपलीकडून पाणी ओढत नाही. म्हणून पाणी खोल गेले की काही जण इंजिन विहिरीत कठड्यावर उतरवतात. हे जिवावरचे काम आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साठतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत या वायूला उपयोगी नाही. कंदील जळत राहील आणि माणूस जाईल. धुराडे वर काढले, तरी सांध्यातून धूर गळतोच.

म्हणून दुरुस्ती आणि चाचणी वर, उघड्यावर करा. इंजिन विहिरीत चालवूच नका. चेनकप्पीने वर काढा. पाणी खोल असेल तर इंजिन वर ठेवून पंपच खाली बसवता येईल का, हे जाणत्या मिस्त्रीला विचारा. आणि कुणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उतरू नका. वाचवायला उतरलेलाही तिथेच पडतो. वरूनच दोर टाका, आरडाओरड करून माणसे जमवा, 112 किंवा 108 ला फोन करा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, नवे ऑइल भरा, सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा लावा आणि दर पंधरा दिवसांनी फ्लायव्हील हाताने चार फेरे फिरवा. ऊसतोडीला जाणार असाल तर हे काम घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून जा. पुन्हा चालू करताना बोळा आधी काढायचा, हेही सांगा.

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. माणूस गेला तर परत येत नाही. एवढे ध्यानात ठेवा. रामराम.